मेल येतो पण जात नाही: विद्यापीठाचा ईमेल घरून थंडरबर्डवर चालवताना

विभागातल्या टेबलावर सगळं सुरळीत चालतं. तोच लॅपटॉप घरी आणला की इनबॉक्समध्ये नवे मेल येत राहतात, पण उत्तर लिहून 'सेंड' दाबलं की बराच वेळ काहीच होत नाही आणि मग 'सेंडिंग ऑफ द मेसेज फेल्ड' अशी चौकट समोर येते. सुट्ट्या लागल्या, परीक्षेनंतरचं काम घरून सुरू झालं, कोणी फेलोशिपवर परदेशी गेलं, की ही तक्रार हमखास ऐकू येते. त्यावर शेजारून मिळणारा सल्लाही ठरलेला असतो: 'सिक्युरिटी नन करून बघ, माझं तसं चाललं होतं.'

हा सल्ला कृपा करून ऐकू नका. सुरक्षा काढल्याने घरून मेल जायला लागत नाही. बहुतेक वेळा उपाय नेमका उलट असतो: जिथे 'नन' (म्हणजे 'काहीच सुरक्षा नाही') आहे तिथे सुरक्षा चालू करायची, सर्व्हरला आपली ओळख द्यायची, आणि पोर्टचा, म्हणजे सर्व्हरच्या क्रमांकित दाराचा, आकडा त्या सुरक्षेशी जुळवायचा. या तीन रकान्यांचा मेळ बसला की मेल जातो. पुढची नावं थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममधली आहेत, पण आउटलुक किंवा ॲपल मेलमध्येही साधारण हेच रकाने असतात, फक्त नावं आणि जागा बदलतात.

येणं वेगळं, जाणं वेगळं

तुमच्या एका खात्यामागे दोन सर्व्हर असतात. मेल आणून दाखवायचं काम आयमॅप सर्व्हर करतो, मेल पाठवायचं काम एसएमटीपी सर्व्हर करतो. दोघांचे पत्ते वेगळे असू शकतात, पोर्ट वेगळे असतात आणि थंडरबर्ड दोघांचे पासवर्डही वेगवेगळे साठवून ठेवतो. त्यामुळे 'माझा पासवर्ड बरोबर आहे, मेल येतोय ना!' या म्हणण्यावरून जाणाऱ्या मेलबद्दल काहीच कळत नाही.

आयमॅप पहिल्यापासून पासवर्ड मागतो, म्हणून तो कुठूनही चालतो. एसएमटीपीचं तसं नाही. त्याचा मूळ नियम १९८२ सालचा, आणि त्यात पाठवणारा कोण हे तपासायची सोयच नव्हती. ती १९९९ मध्ये जोडली गेली. अनेक संस्थांनी मधला मार्ग धरला: आवारातल्या नेटवर्कवरून आलेला मेल न विचारता पुढे पाठवायचा, बाहेरून आलेल्याला अडवायचं. वाड्यातल्या माणसाला दिंडीदरवाज्यात कोणी नाव विचारत नाही, तसंच हे. तुम्ही घरी गेलात की सर्व्हरच्या नजरेत तुम्ही बाहेरचे झालात, आणि तुमच्या थंडरबर्डने आजवर कधी नाव सांगितलेलंच नसतं, कारण आवारात गरज पडली नव्हती.

म्हणजे सर्व्हर बिघडलेला नाही. त्याने अडवलं नसतं तर जगभरच्या स्पॅमवाल्यांनी त्याच्यावरून लाखो मेल सोडले असते, विद्यापीठाचा सर्व्हर काळ्या यादीत गेला असता आणि तुमचे साधे मेलसुद्धा समोरच्याच्या स्पॅममध्ये पडले असते.

चौकटीतलं वाक्य वाचा

घाईत आपण 'ओके' दाबून मोकळे होतो. पण त्या वाक्यातच अर्धं उत्तर असतं.

'रिले ॲक्सेस डिनाइड' किंवा 'रिलेइंग डिनाइड', सोबत ५५० किंवा ५५४ आणि ५.७.१ हे आकडे: सर्व्हरपर्यंत तुम्ही पोचलात, पण ओळख दिली नाही. ऑथेंटिकेशनचा रकाना 'नो ऑथेंटिकेशन'वर आहे, तो बदलायचा.

'कनेक्शन टाइम्ड आउट': बहुतेक वेळा सर्व्हरपर्यंत तुम्ही पोचलेलेच नसता. पोर्ट २५ असेल तर कारण जवळजवळ ठरलेलं आहे. हे पोर्ट सर्व्हर-सर्व्हरमधल्या देवाणघेवाणीसाठी आहे, आणि घरातल्या व्हायरस लागलेल्या संगणकांनी स्पॅम पाठवू नये म्हणून बरेच ब्रॉडबँडवाले ते बाहेरच्या दिशेने बंद ठेवतात. त्यांच्याशी भांडून उपयोग नाही. पोर्ट आपण बदलायचं.

'मस्ट इश्यू अ स्टार्टटीएलएस कमांड फर्स्ट', आकडा ५३०: पोर्ट बरोबर आहे, पण सुरक्षा 'नन' ठेवली आहे. शेजारचा तो सल्ला मानला की हेच वाक्य दिसतं.

५३५ आकडा: ओळख दिली, पण सर्व्हरला पटली नाही. नाव, पासवर्ड किंवा पासवर्ड देण्याची पद्धत चुकली आहे.

मेल नक्की आहे कुठे?

पत्त्याच्या शेवटी एसी डॉट इन आहे म्हणून मेल विद्यापीठाच्याच सर्व्हरवर असेल असं नाही. पत्ता विद्यापीठाचा आणि टपालघर गूगलचं किंवा मायक्रोसॉफ्टचं, ही आता अगदी नेहमीची गोष्ट आहे. ओळखायचं सोपं आहे: ब्राउझरमध्ये वेबमेल उघडा. जीमेलसारखं पान आलं तर गूगल, आउटलुकचं आलं तर मायक्रोसॉफ्ट. राउंडक्यूब, झिम्ब्रा, स्क्विरलमेल, होर्ड असं काही दिसलं तर सर्व्हर बहुधा विद्यापीठाचा स्वतःचा. हे न पाहता कोणाच्या तरी मोबाइलवरून सेटिंगचा फोटो मागवला की दिवस वाया जातो, कारण शेजारच्या विद्यापीठाचं सेटिंग तुमच्या उपयोगाचं नसतं.

स्वतःचा सर्व्हर असेल तर

थंडरबर्डमध्ये डावीकडे खात्याच्या नावावर राइट-क्लिक करून 'सेटिंग्ज' उघडा. येणाऱ्या मेलचं सेटिंग त्या खात्याखाली 'सर्व्हर सेटिंग्ज'मध्ये असतं. जाणाऱ्या मेलचं तिथे नसतं. ते डाव्या यादीच्या अगदी तळाशी 'आउटगोइंग सर्व्हर' या नावाने आहे, सगळ्या खात्यांपासून वेगळं. कितीतरी जण वरच्याच रकान्यात आकडे बदलत बसतात आणि चालणारा आयमॅपही बंद पाडतात, म्हणून आधी ही जागा नीट पाहून घ्या. तिथे विद्यापीठाचा सर्व्हर निवडून 'एडिट' दाबा.

आता तीन रकाने.

पोर्ट ५८७ असेल तर कनेक्शन सिक्युरिटी 'स्टार्टटीएलएस'. पोर्ट ४६५ असेल तर 'एसएसएल/टीएलएस'. या जोड्या आहेत, त्यांची अदलाबदल चालत नाही, आणि सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. ५८७ वर संभाषण साध्या अक्षरांत सुरू होतं: सर्व्हर आधी नमस्कार करतो, मग थंडरबर्ड 'आता कुलूपबंद बोलू' म्हणतो आणि तिथून पुढचं सगळं सांकेतिक होतं. ४६५ वर पहिल्या अक्षरापासूनच कुलूप असतं. तुम्ही ४६५ वर स्टार्टटीएलएस ठेवलं तर थंडरबर्ड सर्व्हरच्या नमस्काराची वाट बघतो, सर्व्हर थंडरबर्डच्या कुलपाची वाट बघतो, आणि दोघंही गप्प बसतात. तुम्हाला दिसतो तो टाइमआउट, आणि वाटतं की नेट गेलं. उलट ५८७ वर एसएसएल/टीएलएस ठेवलं तर कुलपाच्या जागी साधी अक्षरं आलेली पाहून थंडरबर्ड लगेच माघार घेतो. म्हणून चौकट लगेच आली की उशिरा आली, हेसुद्धा लक्षात ठेवण्यासारखं आहे.

दोन्ही पोर्ट उपलब्ध असतील तर ४६५ घ्या. या पोर्टची कथा जरा वाकडी आहे. नव्वदच्या दशकात ते या कामासाठी दिलं गेलं, थोड्याच काळात काढून घेतलं गेलं, आणि म्हणून जुन्या माहितीपत्रकांत '४६५ वापरू नका' असं लिहिलेलं सापडतं. २०१८ च्या जानेवारीत आरएफसी ८३१४ या इंटरनेटच्या नियमपत्राने ते अधिकृतपणे परत आणलं आणि पहिल्यापासून कुलूप असलेल्या जोडणीलाच पसंती दिली. तेव्हा जुनं पत्रक हाती असेल तर त्यावरची ती ओळ सोडून द्या.

येणाऱ्या बाजूलाही अशाच जोड्या आहेत: आयमॅपसाठी ९९३ आणि एसएसएल/टीएलएस, किंवा १४३ आणि स्टार्टटीएलएस. ९९३ चालत असेल तर तेच ठेवा.

तिसरा रकाना 'ऑथेंटिकेशन मेथड'. इथे यादीत 'नॉर्मल पासवर्ड' आणि 'एन्क्रिप्टेड पासवर्ड' असे दोन पर्याय दिसतात, आणि सावध माणूस साहजिकच दुसरा निवडतो. इथे मात्र पहिलाच निवडायचा. 'एन्क्रिप्टेड पासवर्ड' म्हणजे क्रॅम-एमडी५ ही जुनी पद्धत. तिच्यासाठी सर्व्हरला तुमचा पासवर्ड जवळजवळ उघड्या स्वरूपात साठवावा लागतो, आणि विद्यापीठाने पासवर्ड नीट, हॅश करून (मूळ पासवर्ड परत काढता येणार नाही अशा रूपात) ठेवले असतील तर सर्व्हर ही पद्धत देऊच शकत नाही. 'नॉर्मल पासवर्ड' टीएलएसच्या, म्हणजे वर सांगितलेल्या कुलपाच्या, आतून जातो, म्हणजे वाटेत तो कोणाला वाचता येत नाही. याउलट रकान्यात 'पासवर्ड, ट्रान्समिटेड इनसिक्युअरली' असं दिसू लागलं तर समजा की वरची सुरक्षा 'नन'वर गेली आहे. तो पर्याय घरून, कॅफेतून, रेल्वे स्टेशनच्या वायफायवरून वापरणं म्हणजे पासवर्ड मोठ्याने वाचून दाखवणं.

यूजर नेमचा रकाना दिसायला किरकोळ, पण इथेही अडतं. काही सर्व्हरना पूर्ण ईमेल पत्ता लागतो, काहींना ॲटच्या आधीचा भाग, तर काहींना लॉगिनसाठी दिलेला कर्मचारी किंवा नोंदणी क्रमांक. वेबमेलला जे नाव टाकून आत जाता तेच इथे आधी टाकून पाहा. थंडरबर्डचा विझार्ड हे नाव आणि सर्व्हरचे पत्ते आपोआप ओळखायचा प्रयत्न करतो. ठरलेली माहिती मिळाली नाही तर तो नेहमीची नावं आणि पोर्ट चाचपून बघतो आणि जे उघडं सापडेल ते सुचवतो. खातं आवारात बसून जोडलं असेल तर त्याला आतल्या आतच चालणारा मार्गही सापडू शकतो. म्हणून सेटिंग आवारात केलं असेल तरी एकदा 'मॅन्युअल'मध्ये जाऊन आकडे डोळ्यांनी पाहा.

एक शेवटची जागा राहते. एकाच थंडरबर्डमध्ये विद्यापीठाचं आणि खासगी जीमेल अशी दोन खाती असतील, तर विद्यापीठाच्या खात्याच्या मुख्य पानावर खाली 'आउटगोइंग सर्व्हर' कोणता निवडला आहे ते बघा. तिथे खासगी जीमेलचा सर्व्हर राहिला असेल तर मेल जातो, चौकटही येत नाही, पण गूगल पाठवणाऱ्याच्या जागी तुमचा खासगी पत्ता घालतो. मार्गदर्शकांना किंवा जर्नलच्या संपादकांना विद्यापीठाच्या पत्त्यावरून म्हणून पाठवलेलं पत्र वेगळ्याच पत्त्यावरून पोचतं, आणि हे कळतं ते फार उशिरा.

गूगल किंवा मायक्रोसॉफ्ट असेल तर

इथे पोर्टची भानगड कमी आणि पासवर्डची जास्त. गूगलसाठी आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ९९३. एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ४६५ किंवा ५८७. मायक्रोसॉफ्टसाठी आउटलुक डॉट ऑफिस३६५ डॉट कॉम, पोर्ट ९९३. एसएमटीपी डॉट ऑफिस३६५ डॉट कॉम, पोर्ट ५८७ आणि स्टार्टटीएलएस. नाव म्हणून पूर्ण पत्ता.

'कालपर्यंत चालत होतं, आज पासवर्ड घेत नाही' ही तक्रार या दोघांकडे वारंवार येते आणि तिचं कारण धोरणातला बदल आहे. मायक्रोसॉफ्टने १ ऑक्टोबर २०२२ पासून आयमॅप आणि पॉप (मेल उतरवून घ्यायची जुनी पद्धत) यांच्यासाठी साधा पासवर्ड बंद करायला सुरुवात केली. गूगलने खासगी खात्यांसाठी तो मे २०२२ च्या अखेरीस बंद केला आणि संस्थांच्या खात्यांसाठी २०२५ मध्ये. त्यामुळे पासवर्ड कितीही बरोबर असला तरी 'नॉर्मल पासवर्ड'वर नकार किंवा ५३५ येऊ शकतो. ऑथेंटिकेशनमध्ये 'ओऑथ२' निवडा, येणाऱ्या आणि जाणाऱ्या दोन्ही सर्व्हरसाठी. एकच बदलून थांबलं की पुन्हा तेच: मेल येतो, जात नाही.

ओऑथ२ निवडल्यावर थंडरबर्ड एक छोटी खिडकी उघडतो आणि त्यात विद्यापीठाचं लॉगिनचं पान येतं. पासवर्ड तिथे टाकायचा, मोबाइलवर आलेला कोड तिथेच द्यायचा. थंडरबर्डला पासवर्ड कळत नाही, फक्त परवाना मिळतो. ही खिडकी कोरी राहिली किंवा पुन्हा पुन्हा लॉगिन मागत राहिली तर थंडरबर्डच्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये कुकीज स्वीकारण्याची परवानगी आहे का ते पाहा. ती बंद असेल तर ओऑथ२ पूर्ण होत नाही. गोपनीयतेच्या काळजीने लोकांनी ती बंद केलेली असते, आणि हेतू चांगलाच असतो, पण इथे ती लागते.

गूगलकडे दुसरा मार्ग आहे, ॲप पासवर्डचा. दोन टप्प्यांची पडताळणी चालू असेल आणि संस्थेने परवानगी ठेवली असेल तर सोळा अक्षरांचा वेगळा पासवर्ड मिळतो आणि तो 'नॉर्मल पासवर्ड'सोबत चालतो. जुना प्रोग्रॅम सोडवत नसेल तरच तो घ्या. खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की हे सगळे ॲप पासवर्ड रद्द होतात. 'महिन्याभराने आपोआप बंद पडलं' यामागे बऱ्याचदा हेच असतं.

मायक्रोसॉफ्टच्या खिडकीत 'नीड ॲडमिन ॲप्रूव्हल' असं आलं, किंवा पाठवताना 'एसएमटीपी क्लायंट ऑथेंटिकेशन इज डिसेबल्ड फॉर द टेनंट' असं आलं, तर तुमच्या हातात काही नाही. दोन्ही परवानग्या संगणक केंद्राच्या हातात असतात. सेटिंग उलटसुलट करत बसू नका, त्यांना लिहा.

सारखा पासवर्ड मागतो

विद्यापीठाचा पासवर्ड बदलला, वेबमेलला नवा चालतो, आणि थंडरबर्ड मात्र जुनाच पुढे करत राहतो. 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये 'सेव्ह्ड पासवर्ड्स' उघडा. तिथे आयमॅपची एक नोंद आणि एसएमटीपीची दुसरी दिसेल, ओऑथ वापरत असाल तर त्याची वेगळी. त्या खात्याच्या सगळ्या नोंदी काढा, थंडरबर्ड बंद करून उघडा, नवा पासवर्ड द्या. मोबाइल आणि टॅबलेटवरही तोच मेल असेल तर तिथेही लगेच बदला. नाहीतर खिशातला फोन दर काही मिनिटांनी जुना पासवर्ड पाठवत राहतो, सर्व्हरला कोणीतरी हल्ला करतंय असं वाटतं आणि खातं कुलूपबंद होतं. मग लॅपटॉपवर सगळं बरोबर असूनही काहीच चालत नाही.

सर्टिफिकेटची चौकट

'ॲड सिक्युरिटी एक्सेप्शन' अशी चौकट आली की बोट आपोआप 'कन्फर्म'कडे जातं. आवाराबाहेर असताना ते दाबू नका. खालची 'पर्मनंटली स्टोअर' ही खूण तर मुळीच नको. ही चौकट सांगते की समोरचा सर्व्हर स्वतःला जो म्हणवतो तो तोच आहे याचा पुरावा, म्हणजे त्याचं सर्टिफिकेट, जुळत नाही. अनेकदा कारण साधं असतं, पण हॉटेलच्या किंवा विमानतळाच्या वायफायवर मध्येच कोणी बसलेलं असेल तरीही चौकट हीच येते आणि पाहून फरक कळत नाही.

साधी कारणं तपासून घ्या. लॅपटॉपचं घड्याळ चुकलं आहे का? जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरची बटनसेल संपली की तारीख काही वर्षं मागे जाते आणि सगळीच सर्टिफिकेटं अवैध दिसतात. सर्व्हरच्या रकान्यात पूर्ण नावाऐवजी आयपी पत्ता किंवा नुसतं 'मेल' असं आतल्या आत चालणारं छोटं नाव आहे का? सर्टिफिकेट पूर्ण नावाला दिलेलं असतं, म्हणून ते जुळत नाही. अँटिव्हायरसमध्ये मेल तपासणी चालू आहे का? काही अँटिव्हायरस मध्ये उभे राहून स्वतःचं सर्टिफिकेट पुढे करतात. ती तपासणी बंद केली की चौकट जाते, आणि अँटिव्हायरसचं बाकीचं काम चालूच राहतं.

कधी मुदत विद्यापीठाच्याच सर्टिफिकेटची संपलेली असते. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची मोफत सर्टिफिकेटं फार तर नव्वद दिवसांची असतात, आणि नूतनीकरण कुठे अडलं की एका सकाळी सगळ्यांनाच चौकट दिसू लागते. अशा वेळी थांबा आणि वेबमेल वापरा. विद्यापीठाने स्वतःच तयार केलेलं सर्टिफिकेट असेल तर त्याचा एसएचए-२५६ ठसा (सर्टिफिकेटची ओळख पटवणारी अक्षरांची ओळ) संगणक केंद्राकडून घ्या, आवारात असताना अक्षर न् अक्षर जुळवा, आणि मगच अपवाद जतन करा.

जुन्या सर्व्हरचा एक वेगळा त्रास आहे. थंडरबर्ड ७८ पासून, म्हणजे जुलै २०२० पासून, टीएलएस १.० आणि १.१ या कुलपाच्या जुन्या आवृत्त्या बंद आहेत, आणि मार्च २०२१ मध्ये ते अधिकृतपणेही निवृत्त झाले. सर्व्हर तेवढाच बोलत असेल तर जोडणी होत नाही. कॉन्फिग एडिटरमध्ये किमान आवृत्ती खाली आणायची युक्ती लोक सांगतात. तिच्याने त्या थंडरबर्डमधल्या सगळ्याच खात्यांचं कुलूप सैल होतं. सर्व्हर सुधारायला सांगणं हाच रस्ता आहे.

घरचं नेट, हॉस्टेलचं नेट, एड्युरोम

सेटिंग बरोबर असूनही टाइमआउट येत असेल तर पाच मिनिटांची एक चाचणी करा: वायफाय सोडा, मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा, पुन्हा पाठवा. गेला तर घरच्या किंवा हॉस्टेलच्या नेटवर पोर्ट अडवलेलं आहे. नाही गेला तर अडचण विद्यापीठाच्या बाजूला किंवा सेटिंगमध्ये. विंडोजवर पॉवरशेलमधली टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा सर्व्हरचं नाव आणि पोर्ट देऊन चालवली तर हेच उत्तर 'ट्रू' किंवा 'फॉल्स' असं थेट मिळतं.

हॉटेल, हॉस्टेल आणि काही कॅफेंत आधी ब्राउझरमध्ये लॉगिनचं पान येतं. ते भरल्याशिवाय थंडरबर्डला बाहेर जाता येत नाही, आणि थंडरबर्ड ते पान दाखवतही नाही. आधी ब्राउझर उघडून कोणतीही साइट लागते का बघा.

एड्युरोमबद्दल एक गैरसमज आहे. भारतात ही सेवा अर्नेट ही शिक्षणसंस्थांना नेट पुरवणारी संस्था चालवते, आणि तुमच्या विद्यापीठाच्या पासवर्डवर दुसऱ्या संस्थेत, अगदी परदेशातही, वायफाय मिळतं. पासवर्ड तुमच्या विद्यापीठाचा असल्याने आपण 'आत' आहोत असं वाटतं. पण नेट त्या संस्थेचं असतं. जर्मनीतल्या विद्यापीठात बसून एड्युरोमवरून मेल पाठवताना तुमच्या पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या सर्व्हरला तुम्ही बाहेरचेच दिसता, तेव्हा वरचं सगळं तिथेही लागू.

काही विद्यापीठं मेलचे पोर्ट बाहेरून उघडतच नाहीत, व्हीपीएन (विद्यापीठाच्या नेटवर्कपर्यंत नेणारी खासगी जोडणी) लावावाच लागतो. तिथे आधी व्हीपीएन जोडा, मग थंडरबर्ड उघडा. थंडरबर्ड आधीच चालू असेल तर त्याला एकदा 'ऑफलाइन' करून परत 'ऑनलाइन' करा. मेल गूगलवर किंवा मायक्रोसॉफ्टवर असेल तर मेलसाठी व्हीपीएनची तांत्रिक गरज नसते. संस्थेचा नियमच तसा असेल तर गोष्ट वेगळी.

इनबॉक्सच रिकामा दिसतो

घरी सगळं जोडलं, चूक एकही नाही, पण मेल चारच. हे विशेषतः ज्येष्ठ प्राध्यापकांच्या बाबतीत घडतं. केबिनमधल्या संगणकावर पूर्वी कोणीतरी पॉप लावून दिलेलं असतं. पॉप मेल सर्व्हरवरून उतरवून घेतो आणि सेटिंगप्रमाणे लगेच किंवा काही दिवसांनी सर्व्हरवरून काढून टाकतो. थंडरबर्डमध्ये ही मुदत मुळात चौदा दिवसांवर असते. मग मेल गेले कुठे? केबिनमधल्या त्याच संगणकाच्या डिस्कवर, आणि फक्त तिथेच. त्या संगणकावर आधी 'लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर' चालू करून दिवसांची मर्यादा काढा, तिथेच आयमॅपचं दुसरं खातं जोडा, आणि जुने मेल थोडेथोडे करून आयमॅपच्या फोल्डरमध्ये ओढा. हजारो मेल एकदम ओढू नका, आणि सर्व्हरवरची जागा आधी पाहून घ्या. हे होईपर्यंत तो संगणक फॉरमॅटला कोणालाही देऊ नका. त्यात कोणाच्या तरी वीस वर्षांच्या पत्रव्यवहाराची एकमेव प्रत असू शकते.

संगणक केंद्राला लिहिताना

'मेल चालत नाही' एवढंच लिहिलं तर 'चेक करून सांगतो' एवढंच उत्तर येतं. असं लिहा:

'सर, नमस्कार. मी रसायनशास्त्र विभागातली संशोधक विद्यार्थिनी आहे. घरच्या ब्रॉडबँडवरून थंडरबर्डमध्ये मेल येतो, पण जात नाही. जाणाऱ्या सर्व्हरचं पोर्ट ५८७, स्टार्टटीएलएस, नॉर्मल पासवर्ड. आज सकाळी सव्वाअकराला पाठवताना ५३५ आला. चौकटीचा फोटो जोडला आहे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही तसंच होतं. वेबमेल चालतं. बाहेरून पाठवण्यासाठी सर्व्हरचं नाव, पोर्ट आणि यूजर नेमचं स्वरूप कृपया कळवावं.'

वेळ लिहिणं फार कामाचं असतं, कारण सर्व्हरच्या नोंदवहीत ते वेळेवरूनच शोधतात. पासवर्ड मात्र लिहू नका, आणि कोणी मेलवर मागितला तर तो संगणक केंद्राचा मेल नाही असंच समजा.

पाठवता आलं की एकदा हे बघा

स्वतःच्या खासगी जीमेलवर एक मेल पाठवा, तो तिथे ब्राउझरमध्ये उघडून तीन ठिपक्यांतून 'शो ओरिजिनल' पाहा. 'फ्रॉम'मध्ये विद्यापीठाचा पत्ता आहे का, आणि एसपीएफ व डीकेआयएम (मेल खरंच त्या पत्त्याच्या संस्थेकडून आला का हे तपासणाऱ्या दोन खुणा) यांच्यापुढे 'पास' आहे का? फेब्रुवारी २०२४ पासून गूगल प्रत्येक पाठवणाऱ्याकडून या दोन्हींपैकी किमान एकाची अपेक्षा ठेवतो. 'फेल' दिसलं तर मेल बहुधा चुकीच्या आउटगोइंग सर्व्हरवरून गेला आहे. खात्याच्या पानावरची ती निवड पुन्हा तपासा. ती बरोबर असूनही 'फेल' असेल तर ते पान पूर्ण कॉपी करून संगणक केंद्राला पाठवा.